नायट्रस ऑक्साइड आणि टर्बोचार्जर
मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढवण्याची दोन साधने. सिलिंडरमध्ये जादा इंधन सोडणे सोपे असते. ते जाळण्यापुरता ऑक्सिजन मिळवणे हीच खरी अडचण. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये एक्झॉस्ट वायूंवर टर्बाइन फिरवून हवा दाबण्याच्या कल्पनेचे, म्हणजेच टर्बोचार्जरचे, पेटंट घेतले. एरवी वाया जाणारी ऊर्जा कामी आणणारी ही रचना खरोखर चतुर म्हणावी लागेल. १९६२ मध्ये ओल्डस्मोबिल जेटफायर व शेवरोले कॉर्वेअर या अमेरिकी गाड्यांत टर्बो आला. टर्बाइनला वेग येईपर्यंत होणारा विलंब ही त्याची जुनी उणीव.

नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे विघटन होऊन हा ऑक्सिजन मोकळा होतो; शिवाय बाटलीतील द्रवरूप नायट्रसचे बाष्प होताना आत येणारी हवा थंडावते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी ‘जीएम-१’ प्रणालीत नायट्रस ऑक्साइड वापरला. शक्ती तत्काळ मिळते, पण बाटली संपेपर्यंतच; म्हणून तो ड्रॅग शर्यतींना शोभतो, रोजच्या रस्त्याला टर्बोच योग्य. जोडीला पुरेसे इंधन न दिल्यास पिस्टन वितळू शकतो.