मानीव पूर्ण हानि

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर रस्त्यांत उभ्या राहिलेल्या कित्येक मोटारी बाहेरून धडधाकट दिसत होत्या. पत्र्यास साधा पोंचाहि आलेला नव्हता. तरीहि त्यांपैकीं अनेक गाड्या विमा कंपन्यांच्या दप्तरीं ‘पूर्ण हानि’ या सदरांत गेल्या. डोळ्यांसमोर उभी असलेली वस्तु नष्ट झाली, असें कसें म्हणावयाचें? या प्रश्नाचें उत्तर मोटारीच्या जन्माआधीं शतकाहून अधिक काळ समुद्रावरील व्यापारानें शोधून ठेविलें होतें.

१७५८ सालीं इंग्लंडांतील किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढें एक वाद आला. न्यूफाउंडलंडची मासळी भरून निघालेलें जहाज फ्रेंचांनीं पकडलें होतें; आठ दिवसांनीं इंग्रजांनीं तें सोडविलें. जहाज सुटलें, परंतु सफर मोडली होती आणि मासळी नासली. उरलेंसुरलें सर्व विमेवाल्यांच्या स्वाधीन करून पूर्ण रक्कम घेण्याचा मालकाचा हक्क मॅन्सफील्ड यांनीं मान्य केला. १७६१ मध्यें तसाच दुसरा वाद उपस्थित झाला. हें जहाजहि शत्रूच्या हातीं पडून सुटलें होतें. पण तें मालासह सुखरूप बंदरास लागलें. तरी मालकास पूर्ण रक्कमच हवी होती. ती त्यास मिळाली नाहीं. विमा तोटा भरून देण्यासाठीं असतो, नफ्याची सोय म्हणून नव्हे, हें तत्त्व या निर्णयानें दृढ झालें.

१८५० सालीं न्यायमूर्ति मॉल यांनीं हीच कल्पना एका नाण्यावरून समजाविली. खोल पाण्यांत पडलेला शिलिंग अवाढव्य खर्चानें वर काढतां येईलहि. तथापि व्यवहारांत तो गमावलाच म्हणावयाचा. ब्रिटनच्या १९०६ च्या आणि भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांत हा विचार नियमरूपानें आला: दुरुस्तीचा खर्च दुरुस्त जहाजाच्या मूल्याहून अधिक होणार असेल, तर हानि पूर्ण मानावी.

मोटारीनें हा वारसा उचलला. भारताच्या २००२ च्या मोटार विमा दरपत्रकानें मर्यादा आंखली ती जाहीर विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांची. हें मूल्य म्हणजे गाडीच्या विक्रीकिंमतींतून वयाप्रमाणें घट वजा करून उरलेली रक्कम. आठ लाखांची गाडी अडीच वर्षांची असेल, तर ३० टक्के घट जाऊन ५,६०,००० रुपये उरतात. गाडी ओढून आणण्याचा व दुरुस्तीचा एकूण खर्च ४,२०,००० च्या वर गेला, कीं पूर्ण हानि मानावयाची. पुरांत भिजलेल्या गाडीचा पत्रा शाबूत असला, तरी इंजिन, तारा आणि आंतील यंत्रणा मिळून ही रेषा सहज ओलांडतात.

म्हणून सर्वेक्षकाच्या भेटीपूर्वींच गाडीचें भवितव्य अर्धें ठरलेलें असतें. हप्ता हलका व्हावा म्हणून मूल्य कमी लिहविणाऱ्या मालकाची रेषाहि खालीं येते. दुरुस्त होण्याजोगी गाडी त्याच्या हातून जाते आणि मिळणारी रक्कमहि तोकडी पडते. मोडीची किंमत तर भरपाईंतून वजा होते किंवा मोडच विमेवाल्यांकडे जाते. मासळीच्या जहाजाच्या मालकानेंहि उरलेंसुरलें सोडूनच पूर्ण रक्कम घेतली होती.