पऱ्हाटी, फवारणी आणि पेशींवरचा ताण

आजचा विषय आहे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. नाव इंग्लिश असलं तरी गोष्ट आपल्या यवतमाळचीही आहे.

2017 चा हंगाम आठवतो? पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात पाठीवर पंप घेऊन फवारणी. तुषार थेट तोंडावर, नाकात. त्या हंगामात जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले.

फवारणीतली ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची विषं आधी नसांचं काम बिघडवतात. घाम, लाळ, अंधुक दिसणं, मग श्वास अडकणं. जीव जातो तो मुख्यतः यानं. पण ही विषं आणखी एक घाव घालतात, तो दिसत नाही.

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. त्यात थोडे फ्री रॅडिकल्स बनतातच. त्यांना आवरणारी यंत्रणाही शरीरात असते. बनणं वाढलं आणि आवरणं कमी पडलं, की पेशींची आवरणं, प्रथिनं, डीएनए यांना इजा होते. हाच तो स्ट्रेस. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर लोड वाढला आणि क्लीनअप मागे पडलं.

1956 मध्ये अमेरिकेच्या डेनहॅम हारमन यांनी मांडलं, की म्हातारपण याच इजेतून येतं. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी फ्री रॅडिकल आवरणारं एक एन्झाइम शरीरातच दाखवून दिलं. 1985 मध्ये जर्मनीच्या हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ची व्याख्या केली.

मग सगळ्यांना वाटलं, अँटिऑक्सिडंटची गोळी घ्या, झालं! पण 1994 मध्ये फिनलंडच्या सुमारे 29 हजार धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीचा निकाल उलटा आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला दिसला. फ्री रॅडिकल्स नुसते शत्रू नाहीत. जंतू मारायला, पेशींना निरोप द्यायला शरीर तेच वापरतं. म्हातारपणाचं गणितही एका कारणात बसत नाही, हे आता कळलंय.

म्हणून गोळी शोधण्याआधी ताण कुठून येतो ते बघा. सिगारेट, धूर, आणि आपल्याकडे फवारणी. डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल म्हणजे सर्वांत जहाल. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. वाऱ्याच्या उलट फवारू नका. घरी आल्यावर आधी आंघोळ.

माझे बाबा अजून म्हणतात, “औषध मारून येतो.” या वेळी मी त्यांना म्हटलं, “बाबा, औषध नाही, विष म्हणा.” ते हसले, पण मास्क लावून गेले.

तुमच्या घरीही हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात!