दारचे संत्रे आणि बाटलीतला रस

मोहगाव हे मध्य प्रदेशाच्या सौंसर तालुक्यातील मराठीभाषक गाव. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे झाले आणि त्यांचा पांढुर्णा जिल्हा बनला. हा टापू नागपुरी संत्र्याचा. तरीही बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या बाटलीबंद संत्रापेयांसाठी भारतात घट्ट रसाची आयात होत आली आहे. या रसाच्या निर्यातीत ब्राझील जगात पहिला आहे.

याचे पहिले कारण फळातच आहे. नागपुरी संत्रे सैल सालीचे, सोलून खाण्याचे. त्याचा रस काढून ठेवला, की लिमोनिन या घटकामुळे कडवट होऊ लागतो, बियाही पुष्कळ. ब्राझीलमध्ये रसासाठी हॅम्लिन, व्हॅलेन्सिया अशा मोसंबीच्या कुळातील घट्ट सालीच्या जाती लावतात. त्यांचा रस सुमारे 65 अंश ब्रिक्सपर्यंत आटवून, गोठवून जहाजाने पाठवला जातो. पाण्याचे वजन वाहून न्यावे लागत नसल्याने समुद्रापलीकडचा रसही परवडतो.

दुसरे कारण भावाचे. चांगले फळ खाण्यासाठी विकून जो दर मिळतो, तो रसाचा कारखाना देऊ शकत नाही. त्यामुळे कारखान्याच्या वाट्याला उरतो बारीक आणि डागी माल, तोही आंबिया आणि मृग या दोन बहारांपुरताच. वर्षभर एकाच चवीची बाटली भरणाऱ्या कंपनीचे त्यावर भागत नाही.

अशा वेळी कंपनीपुढे तीन वाटा असतात: आयात, व्यापाऱ्यांकडून खरेदी किंवा शेतकऱ्यांशी करार. पेप्सिकोने पंजाबात टोमॅटो आणि बटाट्यासाठी तिसरी वाट धरली. कोका-कोलाने जैन इरिगेशनसोबत आंध्रात आंब्यासाठी 2011 मध्ये ‘उन्नती’ प्रकल्प सुरू केला. पुढे मोहगावपासून फार दूर नसलेल्या मोर्शी तालुक्यात संत्रा-प्रक्रियेचा प्रकल्पही जाहीर झाला. कराराला दुसरी बाजूही आहे. आपल्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा पिकवला म्हणून पेप्सिकोने 2019 मध्ये गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले आणि देशभर टीका झाल्यावर ते मागे घेतले. बियाण्यावर हक्क कोणाचा, हे करारापूर्वीच विचारायला हवे होते.

बागेच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट. बटाट्याचे वाण पुढच्या हंगामात बदलता येते. संत्र्याचे झाड नीट फळाला येण्यास चार-पाच वर्षे लागतात. रसाची जात लावलेल्या बागाईतदाराकडून कंपनीने माल घेतला नाही, तर ते फळ खाण्याच्या बाजारात नागपुरी संत्र्याचा भाव मिळवणार नाही. म्हणून मोहगावच्या शेतकऱ्याने करारात दराबरोबरच मुदत, नाकारलेल्या मालाची तपासणी कोण करणार आणि बारीक फळ घेणे कंपनीवर बंधनकारक आहे की नाही, हे लेखी मागून घ्यावे.