‘तत्काळ’चं दत्तक घर

अमेरिकेत बंदूक घ्यायला गेलं की दुकानदार फॉर्म ४४७३ पुढे सरकवतो. गुन्हा शाबीत झालाय का, फरार आहात का? हो-नाही लिहायचं, खाली सही ठोकायची. १९६८च्या कायद्यानंतर कित्येक वर्षं एवढ्यावरच भागत होतं. खरं-खोटं देव जाणे. आता नाव एफबीआयकडे जातं आणि उत्तर येतं: द्या, थांबा किंवा नाही. ही यंत्रणा चालते वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गहून. राज्याचं नाव वाचून मी चमकलो.

१९८१चा राष्ट्राध्यक्ष रेगनवरचा गोळीबार, त्यात जायबंदी झालेले त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी, १९९३चा ब्रेडी कायदा हे सर्वश्रुत आहे. पण ब्रेडीवाल्यांची मूळ मागणी होती बंदूक देण्याआधी गिऱ्हाइकाला सात दिवस थांबवण्याची. ‘थांबवता कशाला, फोनवर लगेच तपासा’ हा तोडगा बंदूकवाल्यांच्या बाजूचा! १९९१मध्ये तो संसदेत रेटला हार्ली स्टॅगर्स यांनी. पाठीशी नॅशनल रायफल असोसिएशन, मतदारसंघ वेस्ट व्हर्जिनियात. तोडगा पडला. पण १९९३च्या कायद्यात पाच दिवसांची थांबणूक आली ती भाडेकरूसारखी, पाच वर्षांच्या कराराने. ३० नोव्हेंबर १९९८ला तिने घर सोडलं आणि ‘तत्काळ’ तपासणी मालकीणबाई झाली.

जाणकार इथे मला अडवतील. शेजारच्या व्हर्जिनियात अशी तपासणी १९८९पासूनच होती, आणि त्याआधी, १९८८मध्ये, फ्लोरिडाचे खासदार मॅकॉलम याच वळणाची दुरुस्ती मंजूर करून गेले होते. मान्य. जन्म स्टॅगर्सच्या घरचा नाही. मी दत्तकविधानाबद्दल बोलतोय. जिथे हरणाच्या शिकारीच्या हंगामात कित्येक शाळांना सुट्टी असते, तिथल्या खासदाराला काहीतरी केल्याचं दाखवायचं असतं आणि शिकाऱ्याला ताटकळतही ठेवायचं नसतं. ही कल्पना त्याने मांडीवर घेतली नसती तरच नवल. क्लार्क्सबर्गचं केंद्र मात्र त्याच राज्याचे सिनेटर बर्ड यांच्या वजनाने आलं. ते माझ्या तर्कात बसत नाही, म्हणून मी त्याला योगायोग म्हणतो.

‘तत्काळ’ हे नावही आपल्या रेल्वेच्या तत्काळइतकंच भरवशाचं. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याचं पिस्तूल असंच सुटलं होतं.

शिवाय परवानाधारक दुकानाबाहेरच्या खासगी विक्रीला केंद्राचा कायदा ही तपासणी लावतच नाही. सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर, २०१३मध्ये, ती बंदूक-मेळ्यांना आणि ऑनलाइन जाहिरातींवरच्या विक्रीला लावू पाहणारे सिनेटर जो मॅन्चिन कुठले? वेस्ट व्हर्जिनियाचेच. २०१०च्या प्रचारात एका विधेयकाच्या कागदावर रायफलीने नेम धरणारे हे गृहस्थ! या वेळी रायफल असोसिएशन विरोधात उभी राहिली. ६० मतं हवी होती, पडली ५४.