जखमेचा पैसा आणि प्राप्तिकर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात चहा घेत बसलो होतो. एक ताई आल्या. नवरा अपघातात गेलेला, भरपाई कित्येक वर्षांनी हातात पडलेली. कागद पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, ह्यातल्या व्याजावर टीडीएस कापलाय. मी काय कमावलं होतं?"

सल्लागार कलमं सांगत बसला. मला मात्र तो प्रश्न सोडेना. नुकसानभरपाई म्हणजे उत्पन्न का? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की ह्याच प्रश्नावर मोठमोठ्या सरकारांना कायदे करावे लागलेत. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

सुरुवात जर्मनीपासून. हिटलरच्या राजवटीत लाखो ज्यू मारले गेले, वाचलेल्यांचं घरदार लुटलं गेलं. १० सप्टेंबर १९५२ रोजी पश्चिम जर्मनीने लक्झेंबर्गमध्ये करार केला : इस्राएलला ३ अब्ज मार्क आणि ज्यू संघटनांच्या 'क्लेम्स कॉन्फरन्स'ला ४५ कोटी मार्क. हा पैसा घ्यावा की नाही यावरून इस्राएलमध्ये आधीच रान पेटलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या संसदेवर दगडफेक झाली. मेनाखेम बेगिन म्हणत होते, रक्ताची किंमत घ्यायची नाही. पंतप्रधान बेन-गुरियन यांचं म्हणणं, लूट लुटारूंकडेच का ठेवायची?

पुढे १९५६ च्या जर्मन कायद्याने एकेका माणसाला भरपाई ठरली. कोठडी किंवा छळछावणीतल्या एका पूर्ण महिन्याचे १५० मार्क. म्हणजे दिवसाचे पाच! निदान जर्मनीच्या प्राप्तिकर कायद्याने ही भरपाई करमुक्त ठेवली.

पण गोम पेन्शनमध्ये निघाली. काही पीडितांना भरपाई म्हणून नाही, तर सरकारी पेन्शन योजनेतून पैसे मिळत होते. २००५ पासून जर्मनीत पेन्शनवरच्या कराचे नियम बदलले आणि परदेशात राहणारे पेन्शनरही त्यात आले. बेल्जियममधल्या म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना नाझींनी सक्तीने राबवलं होतं, जर्मन कर कार्यालयाच्या नोटिसा गेल्या. आधी राबवून घेतलं, आता कर भरा! गदारोळ झाला. २०११ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती झाली : नाझी छळाला बळी पडलेल्याच्या पेन्शनमध्ये छळाचा काळ धरलेला असेल, तर ती करमुक्त.

अमेरिकेतही तेच कोडं. १९९८ मध्ये स्विस बँकांनी १२५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. तिथल्या कायद्यात शारीरिक इजेची भरपाई करमुक्त असते. पण बुडालेला पगार, साचलेलं व्याज, परत मिळालेली मालमत्ता यांचं काय? २००१ मध्ये अमेरिकन संसदेने सरळ लिहून टाकलं, की नाझी छळाच्या भरपाईवर केंद्रीय प्राप्तिकर नाही. ही सवलत २०१० नंतर संपणार होती. २००२ मध्ये ती कायमची केली.

अमेरिकेने स्वतःच्या पापाचा हिशोबही असाच केला. १९४२ मध्ये सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यातले दोनतृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला माफीसह २० हजार डॉलर देऊ केले. त्याच कायद्यात म्हटलंय, की करासाठी ही रक्कम मानवी यातनेची भरपाई समजावी. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने कापायचं, असं होऊ नये म्हणून.

आता दुसरी बाजूही बघू. व्याज ते व्याज, बँकेत ठेव असलेला माणूस कर भरतोच की, मग ह्यांना सूट का? प्रश्न रास्त आहे. पण ठेवीदाराने पैसा स्वखुशीने ठेवलेला असतो. पीडिताचं व्याज म्हणजे त्याला ताटकळत ठेवल्याची किंमत. उत्पन्न म्हणजे आहे त्यात भर. भरपाई म्हणजे खड्डा बुजवणं. आणि खड्डा पूर्ण बुजतोच कुठे?

आपल्याकडेही हे माहीत नाही असं नाही. भोपाळ वायुपीडितांच्या भरपाईला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात सूट दिली गेली. आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात सांगितलं, की दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचं व्याज हे उत्पन्न नव्हे. तो जखमी मुलगा अपघाताच्या वेळी आठ वर्षांचा होता, साल १९७८. निकाल लागेपर्यंत एकेचाळीस वर्षं गेली!

त्या ताईंच्या प्रश्नात कायद्याचा एक शब्द नव्हता. पण जगभरच्या संसदांना आणि न्यायालयांना जे समजायला वर्षानुवर्षं लागली, ते त्यांनी एका वाक्यात विचारलं होतं. तुमच्या ओळखीत कुणाला भरपाई मिळाली असेल, तर मूळ रक्कम किती, व्याज किती आणि कापलं किती, एवढं तरी त्यांना विचारायला सांगा. नुसत्या सही-शिक्क्यावर गप्प बसू नका.