शाळेतला जातिभेद: वर्गात समता कशी शिकवायची, कायदा काय सांगतो?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरचं कारेगाव (ता. शिरूर) रांजणगाव एमआयडीसीच्या शेजारी आहे. कारखान्यांतल्या कामासाठी मराठवाडा, विदर्भापासून उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतची कुटुंबं या पट्ट्यात येतात. अशा गावांतल्या शाळांत निरनिराळ्या जाती-भाषांची मुलं शेजारी बसतात. पण शेजारी बसल्यानं भेदभाव आपोआप संपत नाही. याच महामार्गावरच्या कोरेगाव भीमा इथे १ जानेवारी २०१८ रोजी हिंसाचार झाला. अशा घटनांबद्दल मुलं घरी आणि मोबाइलवर ऐकतच असतात. शाळा गप्प बसली, तर त्यांच्याकडे फक्त ऐकीव माहिती उरते.

अमेरिकेशी काय संबंध?

वर्णभेदाचा इतिहास कसा शिकवायचा आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आधार कसा द्यायचा, यावर अमेरिकेत मोठी चर्चा होते. महाराष्ट्रात ही तुलना जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. वर्ण आणि जात एक नाहीत. पण जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं दोन्हीकडे सारखंच.

इतिहास कसा सांगायचा?

मुलांच्याच वयाच्या माणसांपासून सुरुवात करता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. शाळेत त्यांना वेगळं, गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. पण फक्त सोसल्याच्या गोष्टी पुरेशा नाहीत. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मातंग समाजातल्या मुक्ता साळवे हिने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘आपल्यातलं कुणीतरी लिहिलं, बोललं’ हे मुलांना कळायला हवं.

भेदभाव ओळखायचा कसा?

- शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात जातीनुसार उभं करणं. ही माहिती पालकांकडून खासगीत घेता येते.
- झाडलोट किंवा स्वच्छतागृहाची सफाई ठरावीक मुलांनाच सांगणं.
- काही हरवलं की आधी पारधी मुलाचं दप्तर तपासणं. इंग्रजांच्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र उरला.
- आडनावावरून टोमणे, ‘सवलतवाले’ म्हणून हिणवणं.

कायदा काय सांगतो?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यानुसार वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही, हे पाहणं सरकारचं कर्तव्य आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. शाळा बदलताना दाखला मिळायला उशीर झाला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांसाठी हे महत्त्वाचं आहे.

तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापकांकडे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीही असते. तिच्यात किमान ७५ टक्के पालक असावे लागतात. तरीही दाद मिळाली नाही, तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. निर्णय मान्य नसेल, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीत तारीख, वेळ आणि नेमकं काय घडलं ते लिहावं. अर्जाची पोच जपून ठेवावी.