पिकवले कोणी, नेले कोणी

एप्रिल १९९७. डॅलस स्टार्स आणि एडमंटन ऑइलर्स यांच्यातल्या बाद फेरीच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला होता. डॅलसच्या जो न्यूवेंडाइकसमोर गोलजाळे जवळजवळ रिकामे होते. त्याने चकती मारली, आणि एडमंटनचा गोलरक्षक कर्टिस जोसेफ अंग झोकून तिच्या आड आला. थोड्याच वेळात टॉड मर्चंट बचावफळीला मागे टाकून एकटा पुढे सुटला आणि त्याच्या गोलने सामना संपला. बर्फावरच्या हॉकीच्या जगात, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या लीगमध्ये, धनवान संघाला गरीब संघ हरवू शकतो याचा याहून सुंदर पुरावा शोधूनही सापडणार नाही. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. त्याच उन्हाळ्यात डॅलसने एड बेलफोर हा नावाजलेला गोलरक्षक करारबद्ध केला, पुढच्या उन्हाळ्यात ब्रेट हलला आणले. आणि १९९८च्या त्याच उन्हाळ्यात जोसेफ एडमंटन सोडून टोरंटोला गेला. १९९८, १९९९, २०००, २००१ आणि २००३ असे पाच वेळा हे दोन संघ बाद फेरीत पुन्हा समोरासमोर आले, आणि पाचही वेळा डॅलस जिंकले. पैशाने एखादा सामना विकत मिळतोच असे नाही. मिळतो तो टिकाव. पगारमर्यादेने, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या सॅलरी कॅपने, धक्का लावला तो या टिकावाला, असे मला वाटते. म्हणून ‘मर्यादेमुळे गरीब संघ जिंकू लागले का’ या नेहमीच्या प्रश्नापेक्षा ‘गरीब शहराला आपण घडवलेला खेळाडू किती वर्षे ठेवता येतो’ हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

हा प्रश्न नव्वदीच्या दशकात कॅनडाच्या मध्यम शहरांच्या जिवावर बेतला होता. तिकिटे विकली जात कॅनडाच्या डॉलरमध्ये, पगार द्यावे लागत अमेरिकी डॉलरमध्ये. आणि २००२च्या सुरुवातीला कॅनडाचा एक डॉलर अमेरिकेच्या जेमतेम ६२ सेंटांवर आला होता. स्टेडियम भरूनही हिशेब जुळत नसे. क्वेबेक नॉर्डिक्सने वाईट हंगामांची अनेक वर्षे सोसून तरुण खेळाडूंचा एक गुणी संच जमवला होता; १९९५मध्ये तो अख्खा संघ डेन्व्हरला गेला, कोलोराडो अॅव्हलँच झाला आणि पहिल्याच हंगामात लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक जिंकून मोकळा झाला. क्वेबेकच्या प्रेक्षकांनी तो चषक दूरचित्रवाणीवर पाहिला. १९९६मध्ये विनिपेगचा संघ फिनिक्सला गेला. एडमंटनने २०००मध्ये बिल गेरिनला आणि २००१मध्ये कर्णधार डग वेटला दुसऱ्या संघांकडे सोपवले. जानेवारी २०००मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने संघांना अनुदान जाहीर केले, पण करदात्यांचा संताप एवढा उसळला की तीन दिवसांत ते मागे घ्यावे लागले. १९९५ ते २००३ या नऊ वर्षांत नऊ चषक चारच संघांत वाटले गेले: डेट्रॉइट, न्यू जर्सी, कोलोराडो आणि डॅलस. त्यातला न्यू जर्सी हात राखून खर्च करणारा होता, हे मान्य करायलाच हवे. बाकीच्या तिघांबद्दल तसे म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. न्यू यॉर्क रेंजर्सने त्या काळात पाण्यासारखा पैसा ओतला आणि १९९८ ते २००४ सलग सात हंगाम त्यांना बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. उलट २००४च्या अंतिम फेरीत टँपा बे आणि कॅल्गरी हे दोन्ही बेताच्या खर्चाचे संघ होते. मग मर्यादा हवीच कशाला? पण यातून एवढेच सिद्ध होते की मूर्खपणे खर्चलेला पैसा वाया जातो. शहाणपणाने खर्चलेल्या पैशापुढे शहाणा गरीब संघ किती काळ तग धरतो, हे त्यातून कळत नाही, आणि ते एडमंटन–डॅलस यांच्या पाच मालिका सांगतात. कॅल्गरीनेही त्या अंतिम फेरीआधी सात हंगाम बाद फेरीविना काढले होते, आणि त्याच काळात, १९९९मध्ये, आपला लाडका थिओ फ्लूरी कोलोराडोला देऊन टाकला होता. पगाराचा वाढता आकडा त्यांना झेपणार नव्हता.

दुसरा आक्षेप खेळाडूंचा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. समानता हे निमित्त, मालकांना पगार दाबायचे होते, असे खेळाडू संघटना म्हणत आली. इतिहास पाहता तिचे म्हणणे उडवून लावता येत नाही. २००४च्या सप्टेंबरमध्ये मालकांनी टाळेबंदी केली. संघटनेने सर्वांच्या पगारात २४ टक्के कपात आपणहून देऊ केली. मालकांना मर्यादाच हवी होती. फेब्रुवारी २००५पर्यंत दोन्ही बाजू जवळ आल्या होत्या: लीग प्रत्येक संघाला ४ कोटी २५ लाख डॉलरची मर्यादा मागत होती, संघटना ४ कोटी ९० लाखांवर थांबली होती. एवढ्या फरकापायी १६ फेब्रुवारीला पूर्ण हंगाम रद्द झाला. चषकावर जिथे विजेत्यांची नावे कोरतात तिथे त्या वर्षासाठी ‘हंगाम खेळला गेला नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत. जुलैमध्ये तह झाला तो ३ कोटी ९० लाखांवर, म्हणजे मालकांच्या शेवटच्या देकाराहूनही खाली. शिवाय २४ टक्के कपात वेगळी. हा खेळाडूंचा पराभव होता आणि त्याला दुसरे नाव देऊ नये. तरी त्या करारात बेरजेची बाजूही होती. मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी बांधली गेली, खेळाडूंचा वाटा सुरुवातीला ५४ टक्के ठरला, आणि पूर्वी एकतिशीपर्यंत वाट पाहावी लागे ते हव्या त्या संघाकडे जायला मोकळे होण्याचे वय टप्प्याटप्प्याने सत्ताविसावर आले. नवल असे की खेळाडू लवकर मोकळे होऊ लागले, तरी मध्यम शहरांना ते टिकवणे सोपे झाले. कारण दाराशी आलेला श्रीमंत संघही आता मनमानी आकडा लिहू शकत नव्हता.

केवळ मर्यादेने गरीब संघ वाचत नाही, हे लीगला खरे तर पूर्वीच कळायला हवे होते. महामंदीच्या काळात, तिसाच्या दशकात, एनएचएलने एकदा पगारांवर कमाल मर्यादा घातली होती. एका खेळाडूला ७,००० डॉलरहून अधिक नाही, असा दंडक होता. विसाच्या दशकात चार चषक जिंकलेला ओटावाचा संघ त्याने तगला नाही. १९३४मध्ये तो सेंट लुईसला गेला आणि एका हंगामात संपला. मोठ्याचा हात बांधला म्हणून धाकट्याचा खिसा भरत नाही. २००५च्या करारात म्हणूनच वरच्या मर्यादेबरोबर खालचीही मर्यादा आली, २ कोटी १५ लाखांची, आणि श्रीमंत संघांच्या उत्पन्नातून गरिबांना वाटा देण्याची सोयही. माझ्या मते खरा आधार त्या वाट्याचा होता, आणि तो आणखी मोठा असायला हवा होता. कारण उत्पन्न नसताना नुसती खालची मर्यादा कशी विचित्र वागते, ते अॅरिझोनात, म्हणजे विनिपेगहून फिनिक्सला गेलेल्या त्या संघात, दिसले. २०१६मध्ये पावेल दात्स्युक डेट्रॉइट सोडून रशियाला परतला, पण त्याचा ७५ लाखांचा आकडा डेट्रॉइटच्या मर्यादेच्या हिशेबात अडकून राहिला. अॅरिझोनाने तो करार आपल्याकडे घेतला. जो खेळाडू त्यांच्यासाठी एकदाही बर्फावर उतरणार नव्हता, त्याचे नाव खालची मर्यादा गाठायला कामी आले, आणि मोबदल्यात नवोदितांच्या निवडीत वरचा क्रमांक मिळाला. गरीब संघ आपली रिकामी जागा भाड्याने देत होता. तोही २०२४मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला.

पळवाटाही निघाल्या. २०२१मध्ये टँपाचा निकिता कुचेरोव्ह दुखापतीमुळे साखळीतला एकही सामना खेळला नाही, त्याचा पगार मर्यादेबाहेर धरला गेला, आणि बाद फेरीत तो परतला तेव्हा टँपाचा संघ मर्यादेच्या सुमारे १ कोटी ८० लाखांनी वर होता. चषक त्यांनीच जिंकला. हे नियमात बसणारे होते. फट बुजवायला २०२५ उजाडले. तरीही २००६ ते २०२५ या वीस हंगामांत तेरा वेगवेगळ्या संघांनी चषक उचलला, आणि जो सर्वांत बलाढ्य झाला त्याला मर्यादेने सोलूनही काढले. २०१०मध्ये जिंकल्यावर काही आठवड्यांतच शिकागोला डस्टिन बफलिन आणि अँड्र्यू लॅड अटलांटाला द्यावे लागले. वर्षभराने अटलांटाचा संघच विनिपेगला हलला. पंधरा वर्षांपूर्वी संघ गमावलेल्या शहरात हे दोघे विजेते खेळू लागले, आणि लॅड त्यांचा कर्णधार झाला.

कॅनडाचा डॉलर २००७मध्ये अमेरिकेच्या बरोबरीला आला, तेव्हा कॅनडाचे संघ टिकल्याचे सारे श्रेय मर्यादेला देणे चुकीचे ठरेल. पण चलन पुढे पुन्हा घसरले, आणि तिथल्या मध्यम शहरांतले संघ जागचे हलले नाहीत. एडमंटनचेच पाहा. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनचा तारा वेन ग्रेट्झकी पत्रकारांसमोर डोळे पुसत बसला होता. मालकाने त्याला लॉस एंजेलिसला दिले होते आणि सौद्यात दीड कोटी डॉलर घेतले होते. त्याच शहरात कॉनर मॅकडेव्हिडने २०१७मध्ये आठ वर्षांसाठी दहा कोटींचा करार केला. ऑक्टोबर २०२५मध्ये तो संपत आला असताना नियमाने एका खेळाडूला मर्यादेच्या २० टक्क्यांपर्यंत मागता येत होते, म्हणजे त्या हंगामाच्या ९ कोटी ५५ लाखांवर वर्षाला १ कोटी ९० लाखांहून अधिक. त्याने पूर्वीचाच १ कोटी २५ लाखांचा आकडा आणखी दोन वर्षांसाठी मान्य केला. उरलेल्या रकमेत सोबतीला आणखी चांगले खेळाडू घेता यावेत, म्हणून.